कानबाईच्या दिवशीचं काउंटर

माझी पुतणी ज्योत्स्ना भलती चिकित्सक पोरगी. भरताची वांगी घ्यायला गेली तर ढीग उपसून तळातलं वांगं बघेल. वरची सगळेच चांगली मांडतात नाना, म्हणते. भाजीवाले तिला पाहिलं की कपाळाला हात लावतात.

औषधशास्त्रातली फार्म डी झाली आणि रेसिडेन्सीसाठी, म्हणजे दवाखान्यात राहून काम शिकायला, तिला दोन दवाखान्यांनी बोलावलं. जळगावचा लहान, शिकवणारे बेताचे. धुळ्याचा मोठा, आणि तिथे नूतन मॅडम. त्यांच्या हाताखाली वॉर्डात शिकायचं, हे तिचं कॉलेजपासूनचं वेड. पण धुळ्याची एक अट होती. रविवारी आणि सणावारी रेसिडेंटने औषधांच्या काउंटरवर ड्यूटी करायचीच. मी म्हटलं, कर की, काउंटरवर बसून काय झिजणार आहेस? ती म्हणाली, आधी बघून येते, आणि बघायचं तर कानबाईच्या रविवारीच.

तिची आई, माझी वहिनी कुंदाबाई, भडकली. श्रावणातला कानबाई देवीचा सण म्हटला की आमच्या खान्देशात माणूस कुठेही असो, रोटाला घरी आलंच पाहिजे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून दळतात, आणि त्याचे रोट, प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांतच खातात. पण पोरगी हटेना. त्या दिवशी बठ्ठे, सगळेच्या सगळे, घरी पळतात, मग मागे कोण उरतं तेच बघायचंय, म्हणाली. शेवटी मी केळीची पिकअप काढली, रोटाला परत आणतो असा वहिनीला शब्द दिला आणि पहाटेच रावेर सोडलं.

काउंटरवर योगराज नावाचा एकच पोरगा होता. तोही रेसिडेंट. हसतमुख, बोलका. त्याने ज्योत्स्नाला आत बोलावून सगळं दाखवलं. कायमचे फार्मासिस्ट प्रेमराजभाऊ साक्रीकडे गावी गेले होते. योगराज म्हणाला, माझ्या नावाचा रोट आई झाकून ठेवते, उद्या जाऊन खाईन. ज्योत्स्ना आतच थांबली, मी बाहेर बाकावर बसलो.

दुपारी एका माणसाला आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय सापडून पार चेंदामेंदा झालेला. तो गुरासारखा ओरडत होता. डॉक्टरांनी दुखणं मारायला मॉर्फिनचं इंजेक्शन लिहिलं, आणि चिठ्ठी घेऊन त्याचे भाऊबंद काउंटरवर धडकले. हे औषध नशेचं, म्हणून कुलपात असतं. आणि कपाटाची किल्ली प्रेमराजभाऊंच्या खिशात, साक्रीच्या पलीकडे, डोंगरात. फोन लागेना. योगराज दुसरं इंजेक्शन काढून देत होता, पण ते ऐकतात कुठले? पोराने खरं ते सांगून टाकलं: औषध आहे, किल्ली नाही. अरे बाबा, संपलंय म्हणायचं होतं रे!

"औषध मझार शे, नि हाऊ देत नई!" औषध आत असून हा देत नाही, असं कोणीतरी बोंबललं, आणि खिडकीची काच फुटली.

त्यांनी योगराजला केसांना धरून खिडकीतून अर्धा बाहेर ओढला आणि तोंड काउंटरवर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नाक फुटलं, दात पडले. त्याने सुटायला काउंटरची कड धरली, तर एकाने ट्रॅक्टरचा पान्हा त्याच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. माझं डोकं फिरलं. लोखंडी स्टूल उचललं आणि पान्हेवाल्याच्या पाठीत हाणलं. तो पडला, पान्हा खिडकीतून आत गेला. मग बाकीच्यांनी मला तुडवलं. एक फासळी अजून दुखते. पण मला त्या स्टुलाचा जराही पस्तावा नाही, पुन्हा हाणीन.

आतून ठण ठण आवाज आला. ज्योत्स्नाने तोच रक्ताचा पान्हा उचलला होता आणि कपाटाच्या कुलपावर घालत होती. कुलूप तुटलं. तिने इंजेक्शन त्या गर्दीच्या हातात दिलं नाही, डॉक्टरांना हाक मारली आणि त्यांच्याच हातात ठेवलं. म्हणाली, एक त्या पाय चिरडलेल्याला, आणि एक योगराजला लागेल का तेही बघा. हाणामारी तिथेच थांबली. सगळे ओरडणाऱ्या माणसाकडे धावले, आणि योगराज काचांत तसाच पडून राहिला.

पोलीस आले, जबाब झाले. मग नूतन मॅडम धावत आल्या. आधी तुटलेलं कुलूप पाहिलं, मग ज्योत्स्नाला. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अशाच धीराच्या मुली काउंटरला हव्यात. उद्यापासूनच ये. योगराज आता काही महिने येत नाही."

ज्योत्स्नाने विचारलं, "मॅडम, पुढच्या कानबाईला काउंटरवर दुसरं कोण असेल? आणि किल्ली कोणाकडे?"

मॅडमनी तुटलेलं कुलूप उचलून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, बघू.

परतताना एरंडोल आलं तेव्हा तिने जळगावच्या दवाखान्याला फोन लावला. सणाला काउंटरवर दोघं असतात का आणि किल्ली इमारतीतच राहते का, एवढंच विचारलं. पलीकडून हो आलं. ती म्हणाली, मी येते. फोन ठेवला आणि हमसून हमसून रडायला लागली. नूतन मॅडमसाठी रडत होती, मला कळत होतं. दिवसभरात ती तेवढीच रडली. मी धुळ्याच्या दवाखान्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, तिने अडवलं नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. कानबाईपुढे समया लागल्या होत्या, पंगत आमच्यासाठी खोळंबली होती. माझा फाटका सदरा पाहून वहिनीने तोंडावर हात नेला, पण आधी पानं वाढली. ज्योत्स्नाने रोट हातात घेतला. तोडेना. वहिनी म्हणाली, खा गं, सकाळपासून उपाशी आहेस.

"योगराजची आई रोट झाकून बसली असेल, नाना," ती म्हणाली. "आता तिला रोटाचे घास करून त्याला भरवावे लागतील."