सर्टिफिकेटाची हळद

९ एप्रिल १९७२, रविवार. सकाळी मी वर्षाची हळद कुटली आणि दुपारी नणंदेची विलायतेतली नोकरी बुडवली. दोन्ही कामं एकटीने केली, कुणाची मदत घेतली नाही.

नणंद म्हणजे शालन, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. तीन वर्षं मुंबईला राहून ती फिजिओथेरपी शिकली. केडगावात तेव्हा हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. नगरच्या एका दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले गुडघे आणि लुळे पडलेले हात चालते करायची आणि शेजारणी मला विचारायच्या, "एवढं शिकून मालीशच करती का?" पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याला इंग्लंडात काम मिळालं आणि एकाहत्तरच्या पावसाळ्यात ती विमानात बसून गेली.

तिथे गेल्यावर तिला कळलं की आपलं सर्टिफिकेट समुद्रापलीकडे नुसता कागद असतो! तिथलं मंडळ तो कागद तपासणार, मान्यता देणार आणि मगच हिने पेशंटला हात लावायचा. तोवर तिने एका इस्पितळात पेशंटच्या चाकांच्या खुर्च्या ढकलायच्या आणि चादरी बदलायच्या. तिने लिहिलं, "वहिनी, काल एक पोरगी एका आजींचा खांदा उलटा वळवत होती. मी सांगायला गेले तर म्हणाली, तू चादरी बघ. मी चादरी बघितल्या."

शालनचं सगळं त्या मान्यतेवर अडलेलं होतं. मान्यता मिळाली की नोकरी पक्की, नोकरी पक्की की मोठी रजा, आणि रजा मिळाली की पहिल्या दिवाळीला आईला भेटायला केडगावला. हे तिने आईला पत्रातून इतक्या वेळा कबूल केलं होतं की आमच्या दारात कुणी आलं की आत्याबाई आधी तेच सांगायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शालन जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि त्यांचा उजवा हात गेला. सकाळी चहाची बशी उचलायला गेल्या आणि बशी तिथेच राहिली. घरात हात दुरुस्त करणारी मुलगी होती तोवर सगळ्यांचे हात ठणठणीत होते. ती गेली आणि आईचा हात गेला. आमच्या घराला वेळेचं भान कधीच नव्हतं.

मग शालन पत्रातून आईला बरं करू लागली. हवाई पत्रात पंजाची चित्रं यायची, बोटाबोटाला बाण काढलेले. खाली हुकूम: हे दहा वेळा, ते वीस वेळा, पन्नास शेंगदाणे उजव्या हाताने एकेक उचलून या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. अंमलबजावणी माझ्याकडे. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, तेव्हा अंमलबजावणीत कसूर नाही. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी दोन वाट्या मांडायची, पन्नास शेंगदाणे मोजून ठेवायची आणि डबा भरून परत यायची. दुसऱ्या वाटीत एकतीस निघायचे.

"आत्याबाई, एकोणीस कुठे गेले?"

"पडले असतील."

"जमिनीवर तर एकही नाही."

"मुंग्यांनी नेले. मुंग्यांना कुठं व्यायाम हाय, बिचाऱ्या."

(मुंग्यांनी नेलेले शेंगदाणे डाव्या हाताने तोंडात जात होते, हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे.)

खरी अडचण अंगठ्याची होती. शालनचं म्हणणं, अंगठा सगळ्या बोटांना टेकला की हात परत आला समजा. आत्याबाईंचा अंगठा पहिल्या बोटाला टेकायचा, महिनाभराने मधल्या बोटालाही टेकू लागला आणि तिथून पुढे सरकेना. करंगळीशेजारचं बोट समोर दिसायचं, अंगठा थरथरायचा आणि परत फिरायचा.

"यष्टी हितवरच येती," आत्याबाई म्हणायच्या. "फुडं रस्ता न्हाई."

"रस्ता आहे. तुम्ही जोर लावत नाही."

"तू लई जोराची हायस. तूच लाव."

मार्चअखेर शालनचं पत्र आलं. मंडळाला सर्टिफिकेटची नक्कल नको, अस्सल हवं. ते ती आमच्याकडे लोखंडी पेटीत ठेवून गेली होती. 'मे महिना संपायच्या आत पोचलं पाहिजे. घडी घालू नका. सोबत काहीही पाठवू नका. वहिनी, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.' हे शेवटचं वाक्य मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

म्हणून त्या रविवारी सर्टिफिकेट पेटीतून काढलं, पाटावर ठेवलं आणि दोन पुठ्ठे कापून तयार ठेवले. सोमवारी पोस्ट उघडताच रजिस्टर करायचं. आत्याबाई शेजारी बसून बघत होत्या.

"पोरीचा कागद चालला," त्या म्हणाल्या. "हळद लाव की जरा."

"तिकडे चालत नाही."

"शुभकामाचा कागद कोरा धाडायचा? काय मयताची चिठ्ठी हाय व्हय?"

"आत्याबाई, ही लग्नपत्रिका नाही. सरकारी कागद आहे. हात लावायचा नाही," असं बजावून मी परसात गेले. उखळातली हळद चाळून डब्यात भरायची होती. थोडी ताजी हळद वाटीत काढून देवासाठी आधीच आत ठेवली होती. (ठेवली मीच. पाटापासून हातभर अंतरावर. हेही मीच.)

परत आले तर सर्टिफिकेटवर हळद! कोपऱ्यात नाही, मधोमध. शालनचं नाव लिहिलेल्या ओळीवर दोन पिवळेजर्द ठसे, शेजारी शेजारी, आणि तिथून पुढे नंबरापर्यंत एक लांब ओढलेला फराटा. आत्याबाई उजवा हात वर धरून माझ्याकडे बघत होत्या. चेहरा असा की जणू पहिला नंबर आलाय.

"सुमन, हे बघ, अगं बघ की..."

"काय बघू? सत्यानाश बघू? ठेवा तो हात खाली!"

त्यांनी हात खाली ठेवला.

मी मागेपुढे पाहिलं नाही. डाग पडला की साबण, हा माझा आयुष्यभराचा नियम. ओल्या फडक्यावर धुण्याचा साबण घेतला आणि पिवळ्या डागावर घासला. डाग लाल झाला. लालभडक! आता सर्टिफिकेटवर कुणाचा तरी खून झाल्यासारखा दिसू लागला.

माझी किंकाळी ऐकून शेजारच्या हमीदाभाभी कुंपणावरून डोकावल्या. "साबन लावलं? या अल्ला! हळदीला कोन साबन लावतं? लिंबू लावा, लिंबू!"

लिंबू लावलं. लाल गेलं, पिवळं परत आलं, पण आधीपेक्षा चौपट जागेत, आणि मधले दोन ठसे तसेच गडद राहिले. शिवाय लिंबाबरोबर शाईसुद्धा आली. फॉर्म छापलेला असला तरी नाव आणि नंबर हाताने लिहिलेले होते. आडनाव राहिलं, शालन वाहून गेली.

एवढ्यात आमचे हे उठून आले. ते श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, रविवारपुरते घरी यायचे आणि तो रविवार झोपून काढायचे. कागद बघून ते शांतपणे म्हणाले, "आता हात लावू नका. कॉलेजला अर्ज करू, दुसरी प्रत मागवू, शालनला खरं कळवू."

"मे संपायच्या आत कॉलेज प्रत देणार आहे का? तुमचं आपलं अर्ज, अर्ज!"

(हा माणूस आयुष्यात नेमका त्याच दिवशी बरोबर होता. मला सवय नव्हती.)

माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. शाळेतला फळा मी लिहायची, पाहुणे आले की स्वागताचा मजकूर मी लिहायची. मी कागद उन्हात वाळवला, उशीखाली दाबून सपाट केला, दौत काढली आणि शालनचं नाव आणि पुसलेला नंबर पुन्हा सुंदर अक्षरात लिहून काढला. मूळ शाई काळी होती, घरात निळी होती. म्हटलं, गोऱ्या लोकांना एवढं काय कळतंय.

त्यांना कळलं. जुलैत शालनचं पत्र आलं. त्या लोकांनी हळदीबद्दल नुसतं विचारलं होतं, की हा रंग कसला. पण दुसऱ्या शाईतलं, दुसऱ्या हाताचं नाव पाहून कागद बाजूला ठेवला. खाडाखोड केलेला दाखला चालत नाही. कॉलेजकडून नवा आणा आणि पुढच्या वर्षी या. मंडळाने हळद माफ केली असती. माझं अक्षर माफ केलं नाही.

शालनने एका शब्दाने विचारलं नाही की हे कुणी केलं. एवढंच लिहिलं, 'यंदा दिवाळीला जमणार नाही. आईला जरा सांभाळून सांगा.'

मी सांभाळून सांगितलं, म्हणजे थाप मारली. "तिकडची परीक्षा पुढे ढकलली, आत्याबाई."

"माझी हळद पोचली न्हवं?"

"पोचली."

"मग हुईल."

आणखी एक गोष्ट मी शालनला कळवली नव्हती. त्या हळदीच्या दुसऱ्याच दिवशी मी नेहमीसारख्या वाट्या मांडल्या, तेव्हा आत्याबाईंनी डाव्या हाताने त्या बाजूला सारल्या.

"ऱ्हाऊ दे. हात खाली ठेवा म्हनलीस ना? ठिवलाय."

मी म्हटलं, रुसवा आहे, चार दिवसांत जाईल. चार दिवसांनी शाळेच्या परीक्षा आल्या, मग पाण्याचे हाल सुरू झाले, टाकीवर नंबर लावायला पहाटे जावं लागायचं. वाट्या फडताळात गेल्या. शालनच्या पत्रात बाण येतच होते, आणि 'व्यायाम चालू आहेत' असं मी त्याच नावाजलेल्या अक्षरात लिहीत होते.

मार्गशीर्षात आत्याबाईंना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या. आम्ही तार केली. चादरी बदलणाऱ्या बाईला एवढी रजा मिळत नव्हती. शालनने उलट तार केली. तीत फक्त विचारलं होतं, आईला त्रास झाला का. नाही, असं ह्यांनी कळवलं. ते खरं होतं. त्या घरातलं तेवढं एक उत्तर खरं गेलं.

पुढच्या कामात मी हात घातला नाही. ह्यांनी अर्ज केला, कॉलेजने नवी प्रत दिली, ती परस्पर इंग्लंडला गेली आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शालनला मान्यता मिळाली. तिचं पत्र शनिवारी दुपारी आलं. उभ्या उभ्या फोडलं आणि बसून संपवलं.

'वहिनी, आजपासून मी पेशंटला हात लावू शकते. मंडळाने जुना कागदही परत दिला. मी तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. इथल्या माझ्या वरिष्ठ बाईंनाही दाखवला. त्यांना म्हटलं, हे दोन ठसे बघा. एक अंगठ्याचा, एक करंगळीशेजारच्या बोटाचा, एकमेकांना चिकटून. चिमूट धरल्याशिवाय असे उमटत नाहीत. आईचा अंगठा पोचला होता! पाच महिन्यांत, नुसत्या पत्रांवर! वहिनी, हे तुम्ही करून घेतलंत. मी चादरी बदलत होते तेव्हा माझा एकुलता एक पेशंट तुमच्या हाताखाली बरा होत होता. पुढे तर आईचा हात किती सुधारला असेल.'

मी पत्र पुन्हा वाचलं. मग मला तो रविवार दिसला. आत्याबाई हात वर धरून सांगत होत्या, बघ की. त्या कागद बघ म्हणत नव्हत्या. हळद आपण कुठल्या बोटांनी लावतो? अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. यष्टी पुढच्या गावाला पोचली होती आणि हे मला सोडून सगळ्यांना दिसण्यासारखं होतं. मी डाग बघत होते.

संध्याकाळी हे म्हणाले, "काय लिहिलंय?"

"सर्टिफिकेट पास झालं," मी म्हटलं.

"कुठलं?"

"दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडताळातून वाट्या काढल्या, घासल्या, पन्नास शेंगदाणे मोजले आणि हमीदाभाभींच्या घरी गेले. दुष्काळात टँकरमागे धावताना पडून त्यांनी मनगट मोडून घेतलं होतं. प्लॅस्टर निघालं होतं, पण बोटं वळत नव्हती.

भाभींनी वाट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सुमनबाई, ह्याला तर सर्टिफिकेट लागतं म्हने. तुमच्याकडं हाय का?"

"आहे. इंग्लंडात भिंतीवर लावलंय. त्याच्यावर माझंच अक्षर आहे."

"मागच्या बारीला साबन लावला त्येच का?"

"तेच. उचला शेंगदाणा."

या खेपेला मी डबा भरायला गेले नाही. समोर बसून हाताकडे बघत राहिले, अगदी शेवटचा दाणा टाकेपर्यंत. दुसऱ्या वाटीत एकतीस निघाले. भाभींनी एकही खाल्ला नव्हता. या खेपेची मुंगी मी होते.