राजानं हसायचं नसतं

आमच्या फडात एक नियम होता. वगात राजाचं काम करणाऱ्यानं हसायचं नाही. सोंगाड्या काहीही करो, समोरचे लोक हसून हसून आडवे होवोत, राजानं ओठ हलवायचा नाही. "राजा हसला की गेला. मग त्यो सोंगाड्याचा भाऊ झाला," असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील, तमाशाच्या फडाचे मालक आणि वीसेक वर्षं त्याच फडाचे राजे. सोंगाड्या होता माझा सख्खा मामा. दर साली तालमीत मामा त्यांना हसवायचा चंग बांधायचा आणि दर साली हरायचा. खरं सांगायचं तर बोर्डावरच्या, म्हणजे स्टेजवरच्या तमाशापेक्षा मला तालमीतला हा तमाशाच जास्त आवडायचा.

बहात्तर साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा गेला. एरवी दसऱ्याला चाळांची, ढोलकीची पूजा झाली की आमचा ट्रक बाहेर पडायचा. त्या साली पूजा झाली आणि आम्ही मिरजगावच्या अलीकडे एका मोकळ्या पडलेल्या कांद्याच्या वखारीत तसेच बसून राहिलो. जत्राच भरत नव्हत्या, तर खेळाची सुपारी कोण देणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दिवाळीनंतर फडातली निम्मी माणसं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर निघून गेली. राहिलेले आम्ही सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो.

आबा पहिल्या दिवशी धुतलेलं धोतर आणि कोट घालून गेले. मुकादमानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता ढीग दाखवला. शेजारच्या ढिगावर कोण होतं? ज्यांच्या गावात आम्ही नाचलो होतो, ज्यांनी पुढच्या रांगेत बसून फेटे उडवले होते, तेच शेतकरी, त्यांच्या बायका, सुना. सगळे एकाच धुळीत. दुपारी सगळ्यांच्या फडक्यात तीच अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि वाटीत तीच सरकारनं वाटलेली सुकडी. बायका माझ्याकडं बघून पदराआड कुजबुजायच्या आणि मी हातोडा जास्तच जोरात घालायची.

माघात एका गावाची सुपारी आली. देवाची जत्रा तमाशाविना केली तर देव आणखी रुसेल, असं तिथल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तशी खडीच्या कामावर आता तालीम आली. आबांनी सगळ्यांना वखारीत बसवलं आणि म्हणाले, "ह्यो येक खेळ हुबा राह्यला तर धा गावं आयकतील. न्हाई राह्यला तर तुमी तुमच्या वाटंनं जा. म्या पेटी पुन्ना उघडायचा न्हाई." पेटीत फडाचे कपडे होते. आबा खोटं बोलणारे नव्हते.

काम सुटलं की उजेड असेपर्यंत तालीम चालायची. कसली तालीम ती! ढोलकीवाल्याची बोटं सुजलेली, थाप पडली की त्याचंच तोंड वेडंवाकडं व्हायचं. गौळणीत एरवी आठ जणी असायच्या, आता आम्ही तिघी. त्यातली एक माझी आई. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळं चाळ सोडलेली ती बाई पुन्हा पदर खोचून मथुरेच्या बाजाराला निघाली होती. माझ्या टाचेला खडीच्या कपच्या लागलेल्या. चाळ बांधले की मला नाचावंसं वाटायच्या आधी बसावंसं वाटायचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. आम्हाला भरल्या पोटाचंही आणता येईना.

खरा वाद वगावरून झाला. आबांनी काढलेला वग दुष्काळाचा होता. राज्यात पाऊस नाही, रयत उपाशी, प्रधान कोठारांना कुलूप घालून बसलेला. राजा भर दरबारात हात वर करून हुकूम देतो, "कोठारं उघडा! माझ्या राज्यात एकही माणूस उपाशी झोपता कामा नये!" आणि राणी, म्हणजे मी, अंगावरचे दागिने उतरवून रडते. चांगल्या सालात ह्या हुकमाला बायका पदरानं डोळे पुसायच्या.

मामा म्हणाला, "दाजी, ह्यो वग नगं. दुसरा कंचाबी घ्या. लोकास्नी घरला जे हाय तेच हितं कशाला दावायचं?"

"दुस्काळात दुस्काळाचा वग करायचा न्हाई तर कवा करायचा?" आबा म्हणाले. "लोकं रडतील. त्यास्नी रडाया तरी मिळंल."

मेहुण्यापुढं मामा कधीच फार बोलायचा नाही, जे बोलायचं ते सोंगाड्या होऊन बोलायचा.

आबांचा सगळा राजा हातात होता. आवाज त्यांचा साधाच होता. पण हुकूम देताना ते उजवा हात सावकाश वर न्यायचे आणि पंजा उघडायचे. तेवढ्यानं पाचशे माणसं चिडीचूप व्हायची. आता त्या पंजाला फोड आले होते, फुटले होते, त्यावर चिंधी बांधलेली होती. तालमीत हात वर जायचा, पण बोटं सरळ होत नसत. पहिल्या दिवशी ते तसेच थांबले, वाक्य अर्धं राहिलं. मामानं लगेच सोंगाड्याच्या आवाजात विचारलं, "म्हाराज, कोठाराचं कुलूप हातानंच फोडलं व्हय?"

तो विनोद चांगला होता. मला आजही चांगला वाटतो. पण कुणी हसलं नाही. आबांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "पुन्ना धरा."

पुन्हा धरलं, पुन्हा तेच. रोज तेच. मामा रोज नवीन काहीतरी काढायचा. लंगडत यायचा, मुकादमाची नक्कल करायचा, डोक्यावर घमेलं घालून प्रधान व्हायचा. पूर्वी तो जिंकण्यासाठी हसवायचा. आता मला दिसत होतं की त्याला भीती वाटत होती. आबा त्याच्याकडं बघायचे, ओठ मिटलेले. मला रडायचं होतं त्या जागी मला राग यायचा. दागिने उतरवताना मी ते आपटायची, आणि आई मागून ओरडायची, "अगं, राणी हायेस का भांडखोर जाऊ?"

शेवटच्या तालमीनंतर आबा वखारीच्या दाराशी बसले होते. मला म्हणाले, "पोरी, राजा दिसतो का गं?"

"कपडे चढले की दिसाल," मी म्हणाले.

"कपडं काय, कुनालाबी चढत्यात," ते म्हणाले आणि हाताची चिंधी सोडून पंजा उघडत, मिटत बसले. बोटं पूर्ण उघडेनात. अशी निराशा मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी बघितली नव्हती. मला त्यांच्याजवळ बसवेना आणि उठून जाववेना.

खेळाच्या रात्री माणूस पुष्कळ होता. पडदा जरा सारून मी बघितलं. पुढं बसलेली सगळी तोंडं ओळखीची. सगळा आमचा सडकेवरचा गोतावळा. गण झाला, गौळण झाली. मामानं जीव तोडून विनोद केले. लोक सुकडी वाटायची वाट बघत बसावं तसे बसून राहिले.

मग दरबार भरला. आबा डोक्यावर जरीचा मंदिल घालून आले. गॅसबत्तीच्या उजेडात खरंच राजे दिसत होते. चिंधी त्यांनी सोडून टाकली होती. हुकमाची वेळ आली. त्यांनी उजवा हात सावकाश वर नेला आणि पंजा उघडला. पूर्ण उघडला. त्यांना काय यातना झाल्या असतील त्या मला शेजारी उभं राहून कळल्या. बत्तीच्या उजेडात फुटलेले फोड सगळ्यांना दिसले.

"कोठारं उघडा!"

पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अगं बया, ह्यो तर आपल्या ढिगावरचा!"

एक जण हसला. मग चौघं. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाराज, आमाला वाडगंभर सुकडी तरी द्या!" आणि सगळं पटांगण हसायला लागलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नसतील. त्यात कुणाचं वाकडं मन नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मला त्या सगळ्यांचा जीव घ्यावासा वाटत होता.

लोकांतून शब्द आला की तो सोंगाड्यानं झेलायचा असतो. मामा आयुष्यभर झेलत आला होता. त्या रात्री तो बोर्डाच्या कडेला नुसता उभा राहिला. आबांनी हात खाली घेतला नाही. त्यांनी हुकूम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटला. हसू आणखी वाढलं. त्यांचा ओठ हलला नाही.

खेळ संपल्यावर गावचे पुढारी आत आले. "लई हसवलं राव. आसला वग बगितला न्हवता," म्हणाले. आबांनी त्यांना नमस्कार केला. मंदिल उतरवून पेटीत ठेवला.

एक दिवस गेला आणि आम्ही परत खडीवर गेलो. आबा त्यांच्या ढिगावर बसले, एका बाजूला मामा, एका बाजूला मी. परवाचीच ती बाई शेजारच्या ढिगावर होती. तिनं भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं आणि हाक दिली, "म्हाराज, कोठार कवा उघडायचं?"

आबांनी मान वर केली. हातातला हातोडा तसाच होता. "किल्ली मुकादमापाशी हाय," ते म्हणाले आणि हसले. दात दिसेपर्यंत हसले. सगळे ढीग हसले, मुकादमसुद्धा हसला.

मामा हसला नाही. त्यानं हातोडा खाली ठेवला, आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "दाजी, तुमी नका हसू."