माघारीच्या आदल्या दिवशीचा सिनेमा

प्राध्यापिका कुसुम ढवळे आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला रुजू झाल्या, त्या दिवशी त्या पूर्णेहून पॅसेंजरनं आल्या होत्या आणि गाडी तासभर उशिरा पोचली होती. त्यांचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे गाडीच्या उशिराचं मॅडमना काही वाटत नसे. विभागात आल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "सर, तुमचा त्या सिनेमावरचा लेख मी दोनदा वाचलाय. सिनेमा मात्र बघायला मिळाला न्हाई."

माझ्या लेखाचं नाव कुणी आपणहून काढल्याची ती पहिलीच वेळ. मी दुसऱ्याच दिवशी घरून सीडी आणून दिली. त्या सीडीनं पुढे मला किती त्रास होणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सिनेमा परदेशी, जुना, कृष्णधवल. एका लहानशा गावात निवडणुकीला उभा राहिलेला शाळामास्तर नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सहीचं माघारीचं पत्र कचेरीत पोचतं. एक तपास अधिकारी घरोघर विचारत फिरतो. जो तो सांगतो, मी तिथं होतो खरा, पण माझं लक्ष नव्हतं. मी या सिनेमावर तीन लेख लिहिले, विद्यापीठाच्या चर्चासत्रात निबंध वाचला. छायाप्रकाश, कॅमेऱ्याचे कोन, सत्तेची भाषा असं पुष्कळ बोललो. ऐकणारे माना डोलवत आणि जेवायला जात.

मॅडमनी तो सिनेमा वर्गात दाखवला. मग महाविद्यालयाचं चित्रपट मंडळ काढलं, आणि प्रोजेक्टर घेऊन त्या खेड्यांत जाऊ लागल्या. मुलं माझ्या तासाला दांडी मारून त्यांचा पडदा बांधायला जात. माजी विद्यार्थी भेटले की आधी विचारत, "ढवळे मॅडम कशा हायत?" मी म्हणायचो, बऱ्या आहेत. आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो.

चार वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या एका गावी त्यांचा खेळ होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. "गावाची एकी राहू द्या" असं सांगून पुढाऱ्यांनी सगळ्या जागा बिनविरोध करायचं ठरवलं होतं. अभिनंदनाचा फलकसुद्धा रंगवून तयार होता. अडचण एकच होती. गयाबाई नावाच्या मेंढरं राखणाऱ्या बाईंनी सदस्यपदासाठी अर्ज भरला होता आणि त्या तो मागे घेत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माघारीची मुदत संपणार होती.

मॅडमनी आग्रह केला म्हणून मी गेलो. खरं सांगायचं तर त्या कुठं चुकतात ते बघायला गेलो. रविवारची दुपार. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून खोली अंधारी केली होती. बायका पुढं, पुरुष आणि पुढारी मागं, मी दाराशी. संवाद परक्या भाषेतले, म्हणून मॅडम पडद्याशेजारी उभ्या राहून सगळं सांगत होत्या. निम्मे संवाद त्यांनी गाळले. माझा जीव वरखाली होत होता.

मग तो प्रसंग आला. हॉटेलात माणसं बसलेली आहेत आणि बाहेरून मास्तरला धरून नेत आहेत. या एका प्रसंगावर मी दोन पानं लिहिली होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बघा, मास्तरला घेऊन चाललेत. अन् हे सगळे आपापल्या कपात बघायलेत."

मागून एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "हे परदेशातलं न्हाई. हे आपलंच हाय."

सिनेमा संपल्यावर गयाबाई उठल्या. "मॅडम, मास्तरनं सही केली नसती तर काय झालं असतं?"

"मतदान झालं असतं," मॅडम म्हणाल्या.

"बस एवढंच?"

"एवढंच."

गयाबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला. "मग मी बी करत न्हाई सही." हे त्या पुढाऱ्यांच्या देखत बोलल्या.

परतीच्या जीपमध्ये मॅडम वळून वळून गावाकडे बघत होत्या. त्यांना गयाबाईंची काळजी वाटत होती. मलाही वाटायला हवी होती. माझ्या मनात एकच चाललं होतं, की हा सिनेमा माझा होता.

दोन दिवसांत प्राचार्यांकडे तक्रार आली, की मॅडम गावात राजकारण करतात. प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुम्ही हजर होता. त्यांनी कुणाचा प्रचार केला का?" नाही, एवढा एक शब्द पुरेसा होता. मी लिहून दिलं, "मी उपस्थित होतो, परंतु माझे पूर्ण लक्ष नव्हते." सही करून बाहेर आलो आणि जिन्यावर थांबलो. हे वाक्य कुणाचं आहे ते मला माहीत होतं. परत जाऊन कागद मागून घ्यायला दहा पावलं पुरली असती. मी गेलो नाही.

मॅडमना खुलासा द्यावा लागला. चित्रपट मंडळ त्यांच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आलं. प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात ठेवली. वर्षभर मी मंडळ चालवलं. शेवटच्या खेळाला मी आणि शिपाई असे दोघंच होतो. मग मंडळ पुन्हा मॅडमकडे गेलं. तिकडं गयाबाई थोडक्या मतांनी पडल्या, पण गावात मतदान झालं. फलक पुसावा लागला.

पुढच्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मॅडम रोज कॉलेजातून परस्पर आमच्या घरी येत आणि पेपर वाचून दाखवत. कुठं तरी सगळ्या जागा बिनविरोध झाल्याची बातमी आली की क्षणभर थांबत आणि पुढं वाचत. आठव्या दिवशी मला राहवलं नाही. म्हणालो, "मॅडम, मी प्राचार्यांना एक कागद दिला होता."

"ठाऊक हाय. दाखवला होता मला."

"मग रोज येता कशाला?"

"पेपर कोण वाचणार? वहिनींना त्यांचा चष्मा सापडत न्हाई." मग पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "राग आला होता सर. लय आला होता. अजून बी पुरता गेला न्हाई. हे बी सांगून ठेवते."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि बाजारभावाचं पान काढलं.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात कुणी कुणी लिहावं, हे समितीनं मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी पहिलं नाव माझं सांगितलं, असं कळलं. कदाचित हा कागद मी नीट लिहितो की नाही, ते त्यांना बघायचं असेल. म्हणून स्पष्ट लिहितो. त्या दुपारी ढवळे मॅडमनी कुणाचाही प्रचार केला नाही. त्यांनी लोकांना एक सिनेमा दाखवला, आणि जे मला तीन लेखांत जमलं नाही ते एका वाक्यात सांगितलं.

मत्सर गेला असं म्हणणार नाही. परवाच त्या राणीसावरगावला पुढचा खेळ ठरवून आल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ते कौतुकानं सांगितलं आणि मी घरी येऊन पुन्हा बायकोवर चिडलो. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना गावोगाव नेत राहोत. आणि पंधरा वर्षांनी त्यांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल, तेव्हा मी सत्त्याहत्तरचा असेन. त्याही ग्रंथात पहिला लेख माझाच असावा, दुसऱ्या कुणाचा नको.