चुकलेलं जनावर

भोकरच्या बाजूला एका गावाची गुरं मी राखतो. ट्रॅक्टर आले तशी गुरं निम्म्यावर आली, पण माझा रुबाब काही उतरला नाही. मी हाळी दिली की सगळ्या लाल कंधारी गायी माना वर करतात, हे मी येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना मुद्दाम थांबवून दाखवायचो.

त्या दिवशी पळसाखाली बसून मोबाइलवर अमेरिकेतले गुराखी बघून राहिलो होतो. घोडा काय, टोपी काय, हातातला गरगर फिरणारा दोर काय! आपल्याच धंद्यातली माणसं म्हणून माझी छाती फुगली, आणि तशाच फुगलेल्या छातीनं मला झोप लागली. जागा झालो तर माळावर एक शेपूट दिसेना. मोबाइलही बंद पडलेला.

घसा बसेपर्यंत हाळ्या दिल्या. ओढा, तुरीची रानं, सगळं पालथं घातलं. शेवटी दिवेलागणीला, आता गावाला काय तोंड दाखवायचं, असं म्हणत घरी आलो. दारात बायको निवांत दूध गाळत होती.

"गुरं कवाच आली," ती म्हणाली. "तुम्हीच चुकला व्हता. हुडकायला माणसं धाडणार व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी तिची गाय सोडायला आली. रोज ती मला बजावते, "सांजच्याला नीट घेऊन ये रे बाबा." त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, सांजच्याला ह्याला नीट घेऊन ये."