सोबतच्या माणसाच्या कानात कापूस

आमच्या बाळापुरातल्या कानवाल्या बाई कापूस घालायच्या तो पेशंटच्या नव्हे, त्याच्या सोबत आलेल्या माणसाच्या कानात. ही थट्टा वाटत असेल तर ज्यांच्या कानात तो गेला त्यांना विचारा. पेशंट खुर्चीवर बसला की बाई विचारायच्या, "काय होतंय?" उत्तर भलत्यानंच दिलं, म्हणजे सुनेच्या वतीनं सासूनं किंवा बायकोच्या वतीनं नवऱ्यानं, की बाई काही न बोलता कापसाचे दोन बोळे उचलायच्या, त्या भलत्याच्या कानांत नीट बसवायच्या आणि हातानंच त्याला बाकावर बसायची खूण करायच्या. मग खुर्चीकडं वळून तोच प्रश्न तितक्याच शांतपणे पुन्हा. "हं. काय होतंय?"

नांदेड रस्त्यावर, खत-बियाण्याच्या दुकानाशेजारी दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर कान, नाक आणि घसा असं तिन्ही लिहिलेलं होतं, पण लोकांना त्यातला कान एवढाच पुरेसा होता. लहानपणी माझा उजवा कान वाहायचा, त्यामुळं शाळेपेक्षा जास्त मी त्या बाकावर बसले असेन. तपासायची खोली आणि बसायची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. तोही बहुतेक वेळा बाजूला सारलेला असायचा. त्यामुळं बाईंचं वैद्यकशास्त्र सगळ्या बाळापूरला तोंडपाठ होतं.

एकदा एक मोठे बागायतदार आईला घेऊन आले. आईचा कान कधीपासून दुखतो, रात्री किती दुखतो, ती काय काय ऐकत नाही, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बोळे त्यांच्या कानात गेले. एवढा मोठा माणूस, चेहरा लाल झाला, पण बसला. म्हातारीनं लेकाकडं एकदा नीट बघून घेतलं आणि मग बोलली. "बाई, कान दुखत नव्हता. नुसता खाजत व्हता. ह्यानंच लसूण टाकून कढत तेल घातलं, तवापासून ठणकून राहिला. त्याला सांगू नका, लई मायेनं घातलं त्यानं." बाईंनी चुगली केली नाही. जाताना बागायतदारांच्या कानातला कापूस काढला आणि सगळ्यांना सांगायच्या तेच त्यांनाही सांगितलं, "तेल भाजीत घालायचं. कानात नाही." बागायतदारांनी आईकडं पाहिलं. म्हातारी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिला वाचता येत नव्हतं.

काडी, हेअरपिन, पेनाचं टोपण, सगळ्यांवर बाईंचा राग होता, पण खरा राग मोटारसायकलच्या चावीवर. दवाखान्यात वाट बघत बसलेला एखादा चावी कानात फिरवताना दिसला, की आतून आवाज यायचा, "गाडीची चावी गाडीला. कानाला कुलूप नाही." बाजाराच्या दिवशी त्या भाजी घ्यायला निघाल्या, की रस्त्यावरच्या पोरांच्या चाव्या आपोआप खिशात जायच्या.

सोयाबीनच्या दिवसांत लेकरांच्या नाकात दाणे जायचे. एक आई लेकराला घेऊन धावत आली. लेकरू रडून निळं झालं होतं, आणि सोबत आलेला दीर ओरडत होता की चिमटा घ्या, मशीन घ्या, काहीतरी करा. बाईंनी चिमटा घेतला नाही. त्या आईला म्हणाल्या, "याची मोकळी नाकपुडी दाबा. याच्या तोंडाला तोंड लावा आणि एकदम जोरात फुंका." दीर म्हणाला, तिला काय येतंय, ती घाबरेल. बाई म्हणाल्या, "ती आई आहे. घाबरूनच फुंकू द्या." तिसऱ्या फुंकरीला दाणा सुटला आणि थेट बाईंच्या चष्म्यावर आदळला. ती आई हसली, रडली, पुन्हा हसली. बाईंनी चष्मा पुसला आणि दिराला सांगितलं, पुढच्या वेळी वहिनीला विचारायचं.

आमच्या घरात वर्तमानपत्र कधीमधी यायचं, पत्रकं मात्र रोज. बाबा एस.टी.त कंडक्टर होते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव भाषणं करायचे. त्यांच्या पिशवीतल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. हक्क, न्याय, स्वाभिमान हे शब्द मला बाराखडीबरोबरच मिळाले. पण हक्क म्हणजे नेमकं काय, हे मी बाईंच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं. ज्याचं दुखतं त्यानं बोलायचं, आणि ज्याचं शरीर आहे त्याला आधी कळायचं. याहून साधी मागणी कुठल्याही पत्रकात छापलेली मी पाहिलेली नाही, आणि याहून जास्त वेळा पायदळी तुडवलेलीही नाही.

बाबांचा आवाज मोठा होता. गाडी थांबवायला त्यांना घंटीची दोरी लागत नसे. तो आवाज बसला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. कंडक्टर आणि वक्ता, घसा बसणारच. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आवाज काही उठला नाही. मी त्यांना ओढूनच बाईंकडं नेलं. बाईंनी नळी घालून घशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "बिडी?" बाबा म्हणाले की ते तर व्यसनमुक्तीवर भाषण देतात. बाई म्हणाल्या, "म्हणजे भाषण पुढं आणि बिडी स्टेजच्या मागं." बाबा खाली बघून हसले. बाई हसल्या नाहीत. घशातला तुकडा काढून नांदेडला तपासायला पाठवला.

आठवड्यानं बाईंचा निरोप आला, बाबांना घेऊन या. माझे थोरले काका त्या निरोपावरून काय ते समजले. नांदेडला त्यांच्या ओळखीचा एक कंपाउंडर होता. त्याच्याकडून त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, की कॅन्सर असला तर आवाजाची पेटीच काढून टाकतात. बाबांना न सांगता ते मला घेऊन बाईंकडं गेले. वाटेत त्यांनी मला सगळं ठरलेलं सांगितलं. ऑपरेशन करायचं नाही, बाबांना कळू द्यायचं नाही, विदर्भाच्या हद्दीवर एक झाडपाल्याचं औषध देणारा आहे, त्याच्याकडं न्यायचं. मी भांडले. काका म्हणाले, तू लेकरू हायेस.

बाईंनी आम्हाला बसवलं, पण रिपोर्ट सांगायला नकार दिला. काका हात जोडून म्हणाले, "आमाला कळलंय बाई. तुमी फकस्त गाठ हाय म्हणा. गोळ्या द्या. त्याचं सगळं आवाजात हाय. आवाज गेला तर तो जगत न्हाई. मी त्याला लहानाचा मोठा केलाय."

काका खोटं बोलत नव्हते. आजोबा लवकर गेले, काकांनी शाळा सोडून वीटभट्टीवर काम केलं आणि बाबांना शिकवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी त्यांना कापूस लावला नाही. त्या खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या.

"लहानाचा मोठा केलात ना?" बाई म्हणाल्या. "मग झालाय तो मोठा. घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीत बसले, काका आणि मी बाकावर. बाईंनी कॅन्सर हा शब्द पहिल्याच वाक्यात उच्चारला. पुढं काय करता येईल, काय नाही, सगळं सांगितलं. पेटी काढावी लागेल, श्वास गळ्यातल्या छिद्रातून घ्यावा लागेल, हा आवाज पुन्हा येणार नाही. छोटी झडप बसवता आली तर छिद्रावर बोट ठेवून बोलता येईल, पण तो आवाज वेगळा असेल, घोगरा. आणि काही केलं नाही तर काय होईल, तेही सांगितलं.  मग बाबांनी जे विचारलं ते मी आजवर विसरलेले नाही.

"पोहता येईल का?"

बाई म्हणाल्या, "नाही. छिद्रातून पाणी थेट फुप्फुसात जाईल."

बाबांचा चेहरा तिथं पडला, आवाजावर नाही. इसापूरच्या कालव्यात त्यांनी आमच्या वस्तीतल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. मग त्यांनी मागं वळून काकांकडं पाहिलं. काका पायाकडं बघत होते. बाबांनी ओळखलं.

"दादा, तुमाला ठाव होतं?"

 बाबा त्या बसलेल्या आवाजात हसले आणि बाईंना म्हणाले, "बरं झालं, तुमी मला सांगितलं. ह्यांनी मला पाला चारून मारलं असतं, आन् वरून मयतीला सगळ्यात जास्त रडले असते." बाकावरचं बाळापूर हसलं. काकाही हसले, डोळे पुसत. मग बाबा म्हणाले, "काढा पेटी. कुठं जायचं ते लिहून द्या."

ऑपरेशनसाठी संभाजीनगरला जायच्या आदल्या दिवशी लोकांना वाटलं, बाबा विहारात शेवटचं भाषण करतील. ते कालव्यावर गेले. पार दमेपर्यंत पोहले. काठावर काका त्यांचे कपडे हातात धरून उभे होते. कुणी विचारलं तर सांगायचे, पोहू द्या, त्याचं ठरलंय.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, बाबा वाचले. काही महिन्यांनी झडप बसली आणि बोट ठेवून ते बोलू लागले. पहिल्यांदा ऐकताना मी दचकले. आता तोच मला त्यांचा आवाज वाटतो. बाईंनी मग एक नवीच रीत सुरू केली. असा रोग निघालेला माणूस आला, की त्याला औषधाच्या चिठ्ठीबरोबर आमच्या घरचा पत्ता द्यायच्या. जा, पेटी काढलेला माणूस कसा चहा पितो ते बघून या.

बाईंनी दवाखाना बंद केला त्याला आता बराच काळ झाला. वय झालं, मुलाकडं चालले, असं काहीही सांगता आलं असतं. लोकांनी तसं सुचवलंही. बाईंनी दारावर स्वतः कागद चिकटवला, "माझा हात थरथरतो. म्हणून काम थांबवत आहे." निरोपाला गेलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, असं लिहायला नको होतं, कमीपणा वाटतो. बाई म्हणाल्या, "पडदा तुमच्या कानाचा. त्याला लागणारा हात कसा आहे, ते तुम्हाला कळायला नको?" आणि सामान बांधायला लागल्या. लातूरच्या गाडीत त्या बसल्या तेव्हा गर्दी एवढी होती, की वाहतूक अडली.

बाई नाहीत, पण माणसं अजून येतात. पत्ता एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात राहतो. परवा जवळा बाजारहून एक शेतकरी आला. गळ्याला मफलर, सोबत दोन तरणे लेक. बाप ओसरीवर टेकतो न टेकतो तोच थोरल्या लेकानं बापाच्या पाठीमागून बाबांना खूण केली, ओठांवर बोट ठेवून. सांगू नका. बाबांनी ती पाहिली. त्यांनी गळ्यावरचा रुमाल सोडला, छिद्रावर बोट ठेवलं आणि पाहुण्याला विचारलं, चहा साखरेचा चालतो का. लेक पुढं होऊन बोलायला लागला, त्यांना सगळं झेपत न्हाई, ते लई हळवे हायेत.

थोरले काका आता थकलेत. काठीशिवाय उठत नाहीत. पण त्या दिवशी ते आधी उठले. दोन्ही पोरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चला रे, आपण भायेर बसू. त्याहिचं त्याहिला बोलू द्या." आणि त्यांना घेऊन अंगणात गेले.