भिंतीवरची बांगडी

तानाबाई शिवाजी पेठेत एका खोलीत राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चाळीस वर्षं बांधकामावर घमेली उचलली. गवंड्याची थापी तिच्या हाती कुणी दिली, ती फक्त धुवायला. पण गिलाव्यात काही बिनसलं की गवंडीच म्हणायचे, "तानामावशीला बोलवा, ती वाजवून सांगंल."

आमच्याकडे ती आली सत्त्याण्णवच्या ज्येष्ठात. कळंब्याजवळ आम्ही घर बांधलं होतं. अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत झाली आणि महिन्याच्या आत पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा तडकला. बारीक तड्यांचं जाळं होतंच, शिवाय एक भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जोत्यापर्यंत उतरली होती. शेजारी म्हणाले, पाया खचलाय, भिंत पाडावी लागेल. सासूबाईंनी हे घर लाभत नाही म्हणून पेठेतल्या आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीत परत जायचं धरलं. शेवटी मी तानाबाईला बोलावणं धाडलं.

तानाबाईनं भिंतीकडं बघून आधी विचारलं, "नव्या गिलाव्याला पाणी किती दिस मारलं?"

"तीन. मुहूर्त आला होता, रंग सुकायचा होता. मीच बंद करायला सांगितलं."

"भटजीला बासुंदी, आन् भिंतीला घोटभर पाणी न्हाय व्हय वैनी?"

तिनं डोळे मिटले, गाल भिंतीशी नेला आणि बोटांच्या पेरांनी हात-हात भिंत वाजवत निघाली. मला सगळा आवाज एकच वाटत होता. ती मात्र मध्येच थांबायची आणि खिळ्यानं रेघ कोरायची.

"रेघंच्या आतलं पोकळ हाय, ते उतरायचं. बाकीचं विटंला धरून हाय." मग तिरक्या भेगेवर तिनं बोट ठेवलं. "हिचं आत्ता सांगत न्हाय. काळी माती हाय, पाऊस प्याली की फुगती. भिंत हलायची आसंल तर तवा हलंल. हातातली एक बांगडी द्या, काचंची. भेगंवर आडवी बशीवतो. भिंत केसभर हलली तर काच ऱ्हात न्हाय."

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सवाष्णीची बांगडी भिंतीवर वाढवायची?"

"वाढती का न्हाय, तेच तर बघायचं हाय की, आक्का."

मी मनात अंबाबाईचं नाव घेतलं आणि साबण लावून एक हिरवी बांगडी उतरवली. तिनं भेगेच्या दोन्ही अंगाला सिमेंटचा एकेक ठिपका देऊन ती बसवली, वरून प्लास्टिक बांधलं.

त्या वर्षी पाऊस उघडलाच नाही. रोज तुळशीला पाणी घातलं की मी प्लास्टिक उचलून बघायची. श्रावणात माती फुगून अंगणातला धुण्याचा दगड कलला. त्या दिवशी प्लास्टिकला हात लावायला मला धीर होईना. उचललं, तर बांगडी होती तशीच होती.

दसऱ्यानंतर तानाबाई आली. बांगडीवरून बोट फिरवून म्हणाली, "भिंत शहाणी हाय. कातडं तेवढं करपलंय."

गुंडू गवंड्यानं छिन्नी लावली. रेघेच्या आतला गिलावा पापडासारखा सुटून आला. रेघेबाहेर एक घाव घालून बघितला, तर छिन्नी उसळून परत आली. चार महिन्यांमागं मिटल्या डोळ्यांनी ओढलेली ती रेघ बोटभरसुद्धा चुकली नव्हती.

गुंडू म्हणाला, "मावशी, मला का गं ऐकू येत न्हाय?"

"तू लई बोलतोस."

नवा गिलावा झाला, त्यावर गोणपाटं टांगली. तानाबाई रोज पहिल्या बसनं यायची आणि गोणपाटं भिजवायची. सहाव्या दिवशी बस चुकली म्हणून तिला उशीर झाला. येऊन बघते तर सासूबाई पदर खोचून, तांब्यानं भिंतीला पाणी मारत होत्या.

मी दारातच थांबले. तानाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आक्का, वरनं वता. खाली आपसूक येतंय."

सासूबाईंनी मला स्टूल आणायला सांगितलं.