रिप्लेस ऑल नको, एकेक बघून

डीटीपीच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक पेनड्राइव्हसोबत तेही घेऊन येतं, आणि पेनड्राइव्ह परत नेला तरी किस्सा आपल्याकडेच राहतो. नाशिक रोडला भामरे सरांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं टायपिंग करते, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर! पण एका पुस्तकाचे किस्से सांगायला घेतले की ऐकणारे हसतात आणि माझा जीव खालीवर होतो.

पुस्तक म्हणजे जवळच्याच एका कॉलनीची स्मरणिका. कॉलनीला पन्नास वर्षं झाली म्हणून दोनशे चौदा घरांची माहिती छापायची होती. नवरा, बायको, मुलं, सुना, फोन. काम घेऊन आले बागूल काका. काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. छापलेल्या शीटवर चूक शोधायची, हीच त्यांची तीस वर्षांची नोकरी! असा माणूस शेजारी खुर्ची टाकून बसला की टायपिस्टचं काय होतं, ते विचारू नका.

पहिल्याच दिवशी त्यांनी सरळ सांगून टाकलं, "ताई, मला कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, पाच-सहा महिने धरून चला. तेवढ्यात हे पुस्तक हातात घेऊन बघायचंय. आणि त्यात एकही चूक नको."

मी म्हटलं, "दोन महिन्यांत देते, काका." किती सहज म्हणून गेले मी!

*

काकांनी जुन्या स्मरणिकेची फाइल आणली होती, पंचवीस वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, सोपं आहे, नावं शोधायची आणि बदलायची. सर्चमध्ये 'बागूल' टाकलं. उत्तर आलं, सापडलं नाही.

"अहो, हे काय, समोर दिसतंय की!" काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"काका, फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. आपल्याला अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरला आतून भलतंच काहीतरी दिसतं."

काका म्हणाले, "म्हणजे माणूस समोर बसलेला असतो आणि रेकॉर्डवर नसतो. आमच्या पेन्शन ऑफिसात असंच आहे!"

सगळं पुन्हा टाइप केलं. त्यात गेला एक महिना.

*

मग कॉलनीच्या अध्यक्षांना वाटलं की 'गल्ली नंबर चार' हे काही बरं दिसत नाही, 'लेन' पाहिजे. घ्या! गल्ली शोधा, लेन टाका, रिप्लेस ऑल.

प्रूफ गेलं. अध्यक्षांच्या मनोगतात छापून आलं, "आमच्या कॉलनीची कीर्ती लेनपासून दिल्लीपर्यंत पोहोचली आहे."

मी माफी मागायला फोन केला, तर अध्यक्ष म्हणतात, "नाही नाही, राहू द्या. वजन वाटतंय!"

काकांनी मात्र वहीत नोंद केली, चूक क्रमांक सतरा.

*

घर नंबर एकशे बारा. गृहस्थ मूळचे दिंडोरीकडचे, भाजीचे व्यापारी. त्यांचा फोन आला.

"ताई, आमच्या सूनबाईचं नाव काढून टाका. ती येवल्याला गेली माहेरी. आता नाय यायची."

काढलं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "ताई, सून आली हो! टाका नाव." टाकलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. "लय अवघड झालंय बघा. काढा."

मी दोन फायली करून ठेवल्या, एक सुनेसकट आणि एक सुनेशिवाय. शेवटी सुनेचाच फोन आला. "मॅडम, माझं नाव टाकायचं का काढायचं, ते मी सांगणार. त्या घरात मला कोणी काही विचारत नाही, निदान तुम्ही तरी विचारा!"

मी विचारलं. ती म्हणाली, "आठ दिवसांनी सांगते." आणि काका शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा त्या पुस्तकाचा राग आला.

*

त्यानंतर कॉलनीतल्या कोकाटे काकू वारल्या. त्यांच्या नावामागचं 'सौ.' काढून 'कै.' करायचं होतं. मी नेमकी रजेवर! भामरे सर म्हणाले, एवढंसं तर काम आहे. त्यांनी 'सौ.' शोधलं, 'कै.' टाकलं, आणि दाबलं रिप्लेस ऑल.

एकशे शहाण्णव ठिकाणी बदल झाला. कॉलनीतल्या समस्त बायका एका बटणात गेल्या!

सरांनी फाइल सेव्ह केली, बंद केली आणि घरोघरी प्रूफं पाठवली. प्रूफं परत आली तेव्हा मी कामावर होते. एकेक कागद बघत गेले. एकेका नवऱ्याने बायकोच्या नावामागे 'कै.' वाचून खाली सही केली होती, "तपासले. बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी भिशीच्या बायका दोन रिक्षा करून दुकानात आल्या. त्यातल्या एक म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही हो. आमच्या ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं!"

सही केली नव्हती फक्त बागूल काकांनी. तिथे लाल पेनाने लिहिलं होतं, "ही हयात आहे."

उलटं रिप्लेस करायचीही सोय नव्हती. कै. काढून सौ. टाकलं असतं, तर खरोखर गेलेले आजोबा सौभाग्यवती झाले असते! दोनशे चौदा घरं एकेक बघून दुरुस्त केली. अकरा दिवस लागले. काका आता खुर्चीवर फार वेळ बसू शकत नव्हते. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून नावं ऐकायचे आणि चूक असली की बोट वर करायचे.

*

छपाईला जायच्या आदल्या दिवशी ते एकटेच आले. म्हणाले, "माझ्या घराचं पान काढा."

मी काढलं. श्री. बागूल, खाली सौ. कुसुम बागूल.

"माझं श्री. काढून कै. टाका. हिचं सौ. काढून श्रीमती. रिप्लेस ऑल नको हं, एकेक बघून."

"काका, काहीतरीच काय!"

"छापून यायला दीड महिना लागणार ना? डॉक्टर तेवढाही देत नाहीत. मग पुस्तकात चूक राहील. पुस्तक काही मला बघायला मिळत नाही, निदान ते बिनचूक तरी असू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून नाही म्हणता आलं नाही. केले ते दोन बदल.

आणि त्या छपाईवाल्याने, ज्याने एकोणीस वर्षांत एक काम वेळेवर दिलं नाही, त्याने तीनशे प्रती अठराव्या दिवशी आणून टाकल्या!

काका रिक्षातून आले, कुसुम काकूंचा हात धरून. बाकावर बसले. पुस्तक हातात घेतलं, कागदाचा वास घेतला, पहिल्या पानापासून बोट फिरवत निघाले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आपल्या घराशी आल्यावर थांबले आणि हसले. "एकच चूक राहिली, ताई. मीच."

काकूंनी वाकून वाचलं. टेबलावरचं पेन उचललं, 'श्रीमती' खोडलं आणि वर 'सौ.' लिहिलं. ती प्रत बाजूला ठेवून दुसरी ओढली, तेच पान काढलं. मग तिसरी.

"अगं, राहू दे," काका म्हणाले. "थोड्या दिवसांनी आपोआप बरोबर होईल ते."

काकूंनी चौथी प्रत ओढली.

"ताई, दुसरं पेन द्या," त्या म्हणाल्या. "हे नीट उठत नाही."